नागपूरची आत्या, अडीच दिवस आणि पुणे : काय दाखवू?

ओली भेळ :

मंडळी, मदत हवी आहे. माझी आत्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून येतेय. सोबत तिची सून आणि बारा वर्षांची नात. शुक्रवारी दुपारी उतरणार, रविवारी रात्रीच्या गाडीने परत.

आत्या मूळची इथलीच, नारायण पेठेतली. १९७४ साली लग्न होऊन नागपूरला गेली ती गेलीच. नंतर आली ती लग्नामुंजींना. स्टेशन ते कार्यालय, कार्यालय ते स्टेशन. आता वय त्र्याहत्तर, गुडघ्यांचा त्रास आहे, जिभेला कसलाच नाही. फोनवर म्हणाली, "या वेळी मला पुणं दाखव. तुझा कोथरूडचा मॉल नको."

यादी करायला बसले आणि लक्षात आलं की माझंच काही बघून झालेलं नाही. शनिवारवाडा चौथीच्या सहलीत पाहिला, त्यातला फक्त डबा आठवतो. लाल महालाच्या समोरून आयुष्यभर रिक्षा गेल्या, आत पाय ठेवलेला नाही. नेटवर तीच दहा नावं फिरतात. तुम्ही स्वतःच्या माणसांना नेता कुठे, ते सांगा.

अटी : पेठांत मी गाडी घालणार नाही. पायऱ्या कमी. मुलगी कंटाळता कामा नये. आणि दुपारी एक ते चार, पाट्या आणि हेल्मेट हे तीन विनोद ज्यांना करायचे असतील त्यांनी वेगळा धागा काढावा.

दोन नंबर वहिनी :

सोपं आहे. सुनेला लक्ष्मी रोड, नातीला तुळशीबाग, आत्याला तुळशीबागेतला राम. तिघी एकाच ठिकाणी, तू चहा पी.

थट्टा नाही, ते राममंदिर खरंच बघ. क्लिपा आणि बांगड्या घ्यायला आपण शंभरदा जातो आणि त्याच गर्दीतून एक दार आत जातं हे विसरतो. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये बांधायला घेतलेलं देऊळ. बाहेर "ताई बघा, लास्ट पीस" चाललेलं असतं आणि आत पाऊल टाकलं की आवाज एकदम खाली बसतो. सभामंडपात आत्याला टेकायला जागाही आहे.

त्रिशंकू :

खरं सांगू का, पुण्यात बघण्यासारखं काही नाही. शनिवारवाड्यात दरवाजा आहे, वाडा नाही. लाल महाल आपल्या लहानपणी बांधलेला. लकडी पुलाला लाकूड औषधालाही नाही, तुळशीबागेत बाग नाही, तळ्यातल्या गणपतीला तळं नाही. परवा दिल्लीचे पाहुणे आले होते. दिल्ली दरवाजातून आत शिरले, हिरवळ बघितली आणि मला विचारलं, "मेन बिल्डिंग किधर है?" तेव्हापासून मी पाहुण्यांना थेट लोणावळ्याला नेतो.

दोन नंबर वहिनी :

लोणावळ्याला तरी काय आहे, धुकं आणि चिक्की!

मोडी_वाचक :

त्रिशंकूराव, आत काही नाही असं नाही. आत जोती आहेत. जोती वाचावी लागतात, एवढंच.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. तट दगड-विटांचा, आतला इमला बहुतेक लाकडी. १८२८ च्या आगीत लाकूड गेलं आणि दगड राहिला. त्यामुळे आज दिसतो तो वाड्याचा नकाशाच आहे, जमिनीवर एकास एक मापात काढलेला. मी पाहुण्यांना एका जोत्यावर उभं करतो आणि म्हणतो, आता डोक्यावर मजले चढवा.

ओली भेळ, मुलीला तीन गोष्टी दाखवा. पहिली, दिल्ली दरवाजाचे खिळे. ते किती उंचीवर आहेत हे तिलाच विचारा. हत्तीने धडक द्यायची तर कपाळ कुठे येईल, त्या हिशोबाने ठोकलेत. मग त्याच दारातली छोटी दिंडी दाखवा, जिच्यातून माणसाला वाकूनच जावं लागतं. दुसरी, देवडीतल्या भिंतीवरची चित्रं. पुसट झालीत, पण डोळे सरावले की गणपती आणि शेषशायी विष्णू दिसायला लागतात. नव्वद टक्के लोक तिथे थांबत नाहीत. तिसरी, हजारी कारंजं, सोळा पाकळ्यांचं कमळ. पाणी नसलं तरी बघा.

नारायणरावांचा खून (३० ऑगस्ट १७७३) आणि पौर्णिमेच्या रात्रीची "काका मला वाचवा" ही हाक सगळेच सांगतात. ती आत्यालाच सांगू द्या, त्या जास्त रंगवतील.

आणि शनिवारवाड्यापेक्षा लांबचं एक. सोमवार पेठेत नागझरीच्या काठाला त्रिशुंड गणपती आहे. भीमगिरजी गोसावींनी १७५४ मध्ये काम सुरू केलं, १७७० मध्ये गणपती बसला. काळ्या दगडाचं, लहानसं, आणि पुण्यातल्या बाकीच्या देवळांशी काही म्हणजे काही नातं न सांगणारं. गणपतीला तीन सोंडा आणि बसलाय मोरावर. आत एक शिलालेख फारसीत आहे. पण आत जायच्या आधी दर्शनी भिंतीवर खाली बघा : बंदुका घेतलेले टोपीकर शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधताहेत. पुण्याच्या देवळावर गेंडा कशाला? प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल जखडला त्याचं हे चित्र असावं, असा एक तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, बारा वर्षांच्या मुलीला गेंडा पुरतो.

पेठेतला भुंगा :

मोडींना अनुमोदन. पण माझं मत विचाराल तर पुणं नावांत आहे. मी आमच्या पाहुण्यांच्या पोरांना एक कागद देतो आणि सांगतो, आज संध्याकाळपर्यंत देवांची आडनावं गोळा करा. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, सोन्या मारुती. पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, निवडुंग्या विठोबा. दाढीवाला दत्त. माती गणपती. खुन्या मुरलीधर. प्रत्येकामागे गोष्ट आहे. पत्रा होता म्हणून पत्र्या, शेजारी पासोड्या विकायला बसत म्हणून पासोड्या. काहींच्या बाबतीत दोन-दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही सांगणारे एकमेकांशी बोलत नाहीत.

जगात कुठेही देवाला माणूस घाबरतो. इथे देवालाच टोपणनाव पडतं आणि त्याला तक्रार करायला जागा नाही.

(मानाचे पाच गणपती आणि गणेशोत्सव पहिला कोणी सुरू केला, हा वाद कृपया या धाग्यात आणू नये. मागच्या वेळी धागा कुलूपबंद झाला होता.)

कॅम्पवाला :

नेहमीप्रमाणे सोमवार पेठेच्या पुढे पुणे संपलं. आम्ही कॅम्पातले, वानवडीचे, येरवड्याचे लोक काय साताऱ्यात राहतो का?

वानवडीला शिंदे छत्री आहे. महादजी १७९४ मध्ये तिथेच गेले. पाणीपतात पाय अधू झालेला माणूस, पुढे दिल्लीची सूत्रं हलवली त्याने. शंकराचं देऊळ काळ्या दगडाचं आणि त्याला लागून नंतरचा युरोपी थाटाचा, रंगीत काचांचा दिवाणखाना. गर्दी नाही, पायऱ्या फारशा नाहीत. मोलेदिना रोडवर डेव्हिड ससूनने बांधवलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८६७ चं. लाल विटांचा उंच मनोरा, म्हणून जुने लोक त्याला लाल देऊळ म्हणतात. आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते, पण रस्त्यावरूनही मान वर करून बघण्यासारखं आहे.

आणि आगाखान पॅलेस. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना पकडून तिथे ठेवलं, सोबतचे महादेवभाई देसाई सहाच दिवसांत गेले, १५ ऑगस्टला. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत शेजारी शेजारी आहेत. लोक पुढच्या कमानींपाशी फोटो काढून परत फिरतात. मागे जा. सकाळी लवकर जा.

साबुदाणा :

आत्याबाईंच्या पोटाचं कोणी बघणार आहे की नाही?

सकाळी मुंजाबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ. रांग लागते, पण रांगेत बातम्या कळतात. नात असेल तर मस्तानी हवीच, म्हणजे घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. आत्यांना नावाचा उगम विचारू नका, तासभर जाईल. कॅम्पात गेलात तर कयानीची श्रूजबेरी, पण आधी उठा.

माझ्या मते मात्र पाहुण्यांना दाखवायची पुण्याची खरी चीज म्हणजे अमृततुल्य. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ही दुकानं घातली आणि पुणेकरांनी ती आपली म्हणून टाकली. दुकानदार दारातच बसलेला असतो. पुढ्यात पितळी पातेलं, हाताशी खलबत्ता. आलं-वेलदोडा कुटायचा तो टक-टक-ठक असा ठेका असतो, मग फडक्यातून चहा पिळून गाळायचा. कपात घोट-दीड घोट. बाहेरचा माणूस दोन पितो, मग विचारतो, "मोठा कप नाही का?"

नाही.

पाटकरी :

धागा वाचत होतो, बोलणार नव्हतो. पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात गेली, त्यामुळे सवयीने लिहितो.

त्रिशंकू म्हणाले ते खरं आहे, तळ्यातल्या गणपतीला तळं नाही. पण तळं गेलं कुठे आणि आलं कुठून, एवढं विचारत गेलात तर निम्मं पुणं बघून होतं.

नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला आंबील ओढा अडवून तळी केली आणि तिथून जमिनीखालून बांधीव नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा. पंप नाही, चाक नाही, निव्वळ उतार. वाटेत जागोजाग उच्छ्वास ठेवले, म्हणजे नळाला श्वास घ्यायला वर उघडणारी धुराडी. आणि गावात हौद : काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. आज आपण रिक्षावाल्याला "फडके हौद चौक" सांगतो आणि हौद कोणी पाहिलेला नसतो. मोडी_वाचक यांचं हजारी कारंजं उडायचं ते याच पाण्यावर.

तोच ओढा आधी गावातून वाहायचा. तो पर्वतीकडून वळवून मुठेत सोडला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. तळ्यात बेट, बेटावर सारसबाग, तिथे सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपती बसला. दर्शनाला होडीतून जायचं. पुढे तळं आटवलं, बुजवलं. शेजारच्या पेशवे पार्कात प्राणी आले आणि पुढे तेही कात्रजला हलवले. म्हणजे पाणी जिथून आलं होतं तिथे वाघ जाऊन बसले. ओढा मात्र जुनी वाट विसरत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात एका रात्रीत त्याने काय केलं, ते सहकारनगर-अरण्येश्वरच्या लोकांना विचारा.

आता हौद म्हटला की पुढचा प्रश्न येतोच, पाणी भरणार कोण? इथे गंज पेठेत चला. जोतिरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. भर पुण्यात, घराच्या आवारात. फुले वाडा पंधरा मिनिटांत बघून होतो, पण तिथे बसायला अर्धा तास काढा. २८ नोव्हेंबर १८९० ला ते इथेच गेले. आपण जोतिराव म्हटलं की शाळा आणि पागोटं एवढंच आठवतो. ते ठेकेदारही होते, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता.

आणि तेच खडकवासला १२ जुलै १९६१ ला गेलं. पानशेतचं अर्धवट झालेलं मातीचं धरण सकाळी फुटलं, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि तेही खचलं. नारायण, शनिवार, कसबा, नदीकाठच्या सगळ्या पेठा पाण्यात. ओंकारेश्वराच्या देवळात उभे राहा आणि नदीकडे बघा. आजची ती गटारासारखी धार बघून विश्वास बसत नाही.

आपल्या आत्या नारायण पेठेतल्या म्हणालात. वयाचा हिशोब केला तर त्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या असणार. त्यांना विचारा.

ओली भेळ :

पाटकरीकाका, विचारलं. आत्ताच फोन ठेवला. पाऊण तास.

मला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की "पुरात आपला वाडा गेला". त्यापलीकडे घरात कोणी बोलत नसे. आत्या नऊ वर्षांची होती. सकाळी शाळेत गेलेली. आजोबा सायकल टाकून धावत शाळेत आले आणि तिला तसंच दप्तरासकट शुक्रवार पेठेत नातलगांकडे नेलं. चार दिवसांनी परत आले तेव्हा खालची खण भिंतीसकट गेली होती, माडी उभी होती. माडीवर भिंतीत एक कोनाडा होता आणि कोनाड्यात आजीची कैरीच्या लोणच्याची बरणी. दादरा बांधलेला जसाच्या तसा. चिखलाची रेघ कोनाड्याच्या खाली वीतभर.

"ते लोणचं आम्ही वर्षभर खाल्लं," म्हणाली. "शेजारच्यांनाही वाटलं. त्यांचं काहीच राहिलं नव्हतं."

मग म्हणाली, "मला तेच बघायचंय. पाणी कुठवर आलं होतं ते."

वाडा आता नाही. तिथे पाचमजली इमारत आहे.

त्रिशंकू :

माझं लोणावळा मी मागे घेतो.

मोडी_वाचक :

काका, एक बारीक दुरुस्ती नाही, पुरवणी. कात्रजच्या नळाची नावं निघालीच आहेत तर विश्रामबागवाडाही वाटेत घ्या. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. लाकडी दर्शनी सज्जा शाबूत असलेला पेशवाई वाडा बघायचा तर तोच. शनिवारवाड्याच्या जोत्यांवर डोक्यात मजले चढवायचे, असं मी वर म्हटलं, त्याचा नमुना तिथे मिळतो. आधी विश्रामबाग, मग शनिवारवाडा, असा क्रम ठेवा.

कॅम्पवाला :

पाण्याचीच वाट असेल तर आमचा बंडगार्डनचा बंधारा कुठे गेला? असो. सवय आहे.

दोन नंबर वहिनी :

पर्वतीचं काय? पर्वतीवर न नेता पुणं दाखवलं म्हणायचं?

ओली भेळ :

वहिनी, १०८ पायऱ्या आणि आत्याचे गुडघे!

पेठेतला भुंगा :

१०३.

पाटकरी :

१०३. माझ्या आईचं माहेर पायथ्याला होतं. पण गुडघ्यांना पाच पायऱ्यांची सवलत कळत नाही. खालून दाखवा. वर नानासाहेब गेले, पाणीपतानंतर पाचच महिन्यांत, एवढं सांगा.

साबुदाणा :

दुसरा आठवडा म्हणजे सवाई आलं की! एक संध्याकाळ तिथे काढाच. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव आहे. आत्यांना रमणबागेचं मैदान आठवत असेल, आता मुकुंदनगरला असतं. बैठकीचं तिकीट घेऊ नका, गुडघे लक्षात घेता खुर्चीचं घ्या. आणि शाल. नागपूरचे लोक पुण्याच्या थंडीला हसतात आणि रात्री नऊनंतर गप्प होतात.

ओली भेळ :

आले मंडळी. काल रात्री तिघींना गाडीत बसवलं. वृत्तांत सविस्तर लिहिते, कारण तुम्हीच सगळ्यांनी मिळून पाठवलंत.

शुक्रवार. दुपारी घरी, झोप (हा विनोद नाही), संध्याकाळी वनाजवरून मेट्रो. डेक्कनच्या पुढे ती नदीच्या कडेकडेने जाते तेव्हा आत्या काचेला नाक लावून उभी राहिली. संभाजी उद्यान स्टेशनाचं छत मावळ्याच्या पगडीसारखं आहे हे नातीने आधी ओळखलं, मी तीन वर्षं त्याखालून जातेय आणि मला ते वाकडं छत वाटायचं. सिव्हिल कोर्टला सरकते जिने उतरता उतरता आत्या म्हणाली, "विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय गं." मंडईला वर आलो. मंडईची ती अष्टकोनी इमारत, कौलं, मधला मनोरा बघून तिला एकदम रडू फुटलं. गाजरांच्या ढिगासमोर. भाजीवाल्या मावशींनी न विचारता मोडका स्टूल पुढे केला आणि नंतर गाजराचा भाव दहा रुपयांनी जास्त लावला.

तुळशीबागेत वहिनी म्हणाल्या तसंच झालं. सून क्लिपांत हरवली, आत्या रामापुढे टेकली, मी चहा प्यायले.

शनिवार. आधी विश्रामबाग, मग शनिवारवाडा. मोडी_वाचक, तुमचा क्रम बरोबर होता, तरीही आत पाऊल ठेवल्या ठेवल्या नात म्हणाली, "आजी, इथं तं काहीच नाही ना!" त्रिशंकूंची आठवण आली. मग खिळ्यांपासून सुरुवात केली. तिने स्वतःचं कपाळ, मग माझं, मग हत्तीचं असा हिशोब लावला. देवडीतली चित्रं शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली. शेषशायी सापडला तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की मागून चाललेली शाळेची सहल थांबली आणि तीस पोरं भिंतीकडे बघायला लागली. त्यांच्या बाईंनी आमच्याकडे रागाने पाहिलं. त्यांचं वेळापत्रक चुकलं असणार.

तिथून त्रिशुंडला जायला रिक्षा केली. रिक्षावाल्याला त्रिशुंड माहीत नव्हता, भलत्याच गणपतीपाशी उतरवलं आणि वर "गणपती गणपतीच असतो" असं ऐकवलं. दुसऱ्या रिक्षाने पोचलो. गेंडा सापडला. नातीने वहीत काढला. आमच्या भुंग्यांनी सांगितलेला देवांच्या आडनावांचा खेळही चालू होता, तिच्या यादीत तेरा झालेत. नागपूरला गेल्यावर शाळेत वाचून दाखवणार आहे. तेथील देवांना टोपणनावं का नाहीत, असा तिचा प्रश्न आहे.

फुले वाड्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पंधरा मिनिटांत बघून झालं, मग अर्धा तास ओट्यावर बसलो, काका म्हणाले तसे. आत्याने हौदाची गोष्ट मन लावून ऐकली आणि एकदम म्हणाली, "आमच्या वाड्यातल्या नळावर पण सगळ्यांना हात लावू देत नसत हं. पुराच्या वर्षी मात्र कोणी विचारलं नाही." पुढे बोलली नाही. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी सवाई. नात विलंबित ख्यालात माझ्या खांद्यावर झोपली, द्रुत सुरू झाल्यावर उठली आणि साबुदाणा वडा मागितला. शाल आत्याने आधी नाकारली. साडेनवाला मागून घेतली.

रविवार सकाळी आगाखान पॅलेस (कॅम्पवाला, नोंद घ्यावी). मागच्या बागेत समाध्यांपाशी आम्ही चौघीच होतो. सून पहिल्यांदा त्या दिवसांत स्वतःहून काही बोलली. म्हणाली, "सहा दिवसांत गेले म्हणजे सामानसुद्धा उघडलं नसेल."

मग दुपारी नारायण पेठ. ओंकारेश्वरापासून चालत निघालो, हळूहळू, दर दोन मिनिटांनी थांबत. मला वाटलं होतं तिला रस्ता सापडणार नाही. ती इमारती बघतच नव्हती. पत्र्या मारुतीला हात जोडले, तिथून वळणं मोजत गेली आणि आमच्या त्या पाचमजली इमारतीच्या फाटकाशी बरोबर थांबली. पार्किंगमध्ये स्कूटरी, कोपऱ्यात पाण्याची मोटर. आत्याने खालचं काही पाहिलंच नाही. मान वर केली, जरा डावीकडे सरकली, पुन्हा मागे आली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कोणाचा तरी निळा टॉवेल वाळत होता.

"तिथे," म्हणाली. "त्या टॉवेलाच्या खालच्या काठापर्यंत बरणी. आणि तिथून खाली एक वीत."

आम्ही चौघी मान वर करून टॉवेल बघत उभ्या. वॉचमन आला, "कुणाकडे जायचंय?" विचारलं. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात नातीने त्याला पुराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तो खुर्ची घेऊन आला. आत्यासाठी असेल असं वाटलं, पण स्वतःच बसला.

सिंहगड, केळकर संग्रहालय, शिंदे छत्री राहिलं. केळकर संग्रहालय राहिल्याचं वाईट वाटतंय, आत्याला अडकित्ते आणि वज्र्या बघायच्या होत्या.

दोन नंबर वहिनी :

केळकर संग्रहालयाला घाई नकोच. वीस हजारांवर वस्तू एका माणसाने आणि त्याच्या बायकोने गावोगाव फिरून जमवल्या, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने. त्याला आख्खी सकाळ हवी. त्यासाठी आत्यांना परत बोलाव.

गाजराच्या भावाबद्दल मात्र मंडईत माझं नाव सांगायचं होतंस.

त्रिशंकू :

दिल्लीच्या त्याच पाहुण्यांचा पुन्हा फोन आलाय, फेब्रुवारीत येणार आहेत. देवडीतली चित्रं नक्की कोणत्या बाजूला? डावीकडे की उजवीकडे?

मोडी_वाचक :

सांगणार नाही. शोधा.

पाटकरी :

ओली भेळ, वाचून बरं वाटलं. एक विनंती आहे. नारायण पेठेतल्या पाण्याच्या उंचीच्या अशा घरगुती खुणा मी बरीच वर्षं टिपून ठेवतोय. टॉवेलाचा काठ जमिनीपासून अंदाजे किती फूट? आणि त्यातून वजा करायची वीत म्हणजे सरासरी नऊ इंच धरू का? आत्यांना विचारून कळवाल?

ओली भेळ :

काका, टॉवेलाचा काठ साधारण तेरा फूट असेल, वॉचमनने काठी धरून दाखवला. विताचं आत्याला विचारलं. म्हणाली, नऊ इंच धरू नका. रेघ आजीने हात लावून मोजली होती, आणि आजीचा हात लहान होता.